चेक इंजिन लाईट लागली? थ्रॉटल सेन्सर बदलण्याआधी एवढं तपासा

घाट चढताना भरलेली गाडी अचानक रेस घ्यायची थांबते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी रांगत चालते आणि मीटरवर इंजिनाच्या आकाराची पिवळी लाईट लागते. कसंबसं गॅरेज गाठलं की स्कॅनर लावला जातो आणि उत्तर मिळतं, "थ्रॉटलचा सेन्सर गेलाय." नवा पार्ट बसतो, काही हजारांचं बिल होतं, आणि आठ-पंधरा दिवसांनी तीच लाईट परत लागते.

हा अनुभव आपल्या भागातल्या अनेक गाडीमालकांना येतो. कारण सोपं आहे. स्कॅनरवर जो कोड दिसतो ती इंजिनाच्या कॉम्प्युटरने केलेली तक्रार असते. "या वायरवरून मला मिळणारा आकडा पटत नाही," एवढंच तो सांगतो. आकडा का पटत नाही, हे त्याला कळत नाही. सेन्सर खराब असू शकतो, पण उंदराने कुरतडलेली वायर, पाणी गेलेला कपलर, सैल अर्थिंग किंवा मरायला टेकलेली बॅटरी यांमुळेही तोच कोड येतो. म्हणून पार्ट बदलण्याआधी तपास कसा करायचा आणि गॅरेजवाल्याला काय विचारायचं, ते या लेखात सविस्तर बघू.

सेन्सर करतात तरी काय?

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत ॲक्सिलरेटरची केबल थेट कार्ब्युरेटरला जायची. केबल तुटली की डोळ्यांना दिसायचं. आताच्या गाडीत पेट्रोल किंवा डिझेल किती सोडायचं हे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो. त्याला गॅरेजमध्ये ईसीएम म्हणतात. देशभरात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि धुरावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणखी कडक झाली.

ईसीएमला स्वतःला डोळे-कान नाहीत. त्याचं काम सेन्सर करतात. महत्त्वाचे सेन्सर असे:

• पेडल सेन्सर: तुम्ही ॲक्सिलरेटर किती दाबला ते सांगतो. पायाजवळ पेडलच्या वरच असतो.
• थ्रॉटल पोझिशन सेन्सर: इंजिनात हवा सोडणारी झडप किती उघडली ते सांगतो.
• मॅप किंवा मास एअर फ्लो सेन्सर: इंजिनात किती हवा जाते याचा अंदाज देतो.
• कूलंट सेन्सर: इंजिन गार आहे की गरम ते सांगतो.
• क्रँक सेन्सर: इंजिन किती वेगाने फिरतंय आणि पिस्टन कुठे आहे ते सांगतो. हा बंद पडला तर बहुतेक गाड्या चालूच होत नाहीत.
• ऑक्सिजन सेन्सर: सायलेन्सरच्या पाइपात बसून पेट्रोल जास्त जळतंय की कमी ते सांगतो.

पेडल दाबल्यावर गाडी का ऐकत नाही?

आताच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत पेडल आणि इंजिन यांच्यामध्ये केबल नाही, फक्त वायर आहेत. तुम्ही पेडल दाबता, पेडल सेन्सर ईसीएमला कळवतो, ईसीएम थ्रॉटल बॉडीतल्या छोट्या मोटरला हुकूम देतो, मोटर झडप उघडते आणि झडपेवरचा सेन्सर "एवढी उघडली" असं परत कळवतो.

यात चूक झाली तर गाडी आपोआप पळत सुटेल. म्हणून पेडलमध्ये एक नाही, दोन सेन्सर असतात. थ्रॉटल बॉडीतही दोन असतात. दोघांची साक्ष जुळली तरच ईसीएम विश्वास ठेवतो. जुळली नाही तर तो सुरक्षेसाठी गाडीची ताकद तोडतो. यालाच गॅरेजमध्ये "गाडी लिंप मोडला गेली" म्हणतात. स्प्रिंगच्या जोरावर झडप थोडीशी उघडी राहते, इंजिन ठरावीक रेसवर चालतं आणि तुम्ही रांगत का होईना, रस्त्याच्या कडेला जाऊ शकता. म्हणजे गाडीने दगा दिला असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा ती तुम्हाला वाचवत असते.

डिझेल गाडीत थोडं वेगळं आहे. तिथे ताकद मुख्यतः इंजेक्टरमधून किती डिझेल सुटतं त्यावर ठरते. पेडल सेन्सर मात्र तसाच दोन पदरी असतो. डिझेल गाडी लिंप मोडला जाण्यामागे टर्बोचा फाटलेला किंवा निसटलेला पाइप, चोकअप झालेला डिझेल फिल्टर, काजळीने भरलेली ईजीआर झडप अशीही कारणं असतात. म्हणून डिझेल गाडीची ताकद गेली की लगेच पेडल सेन्सरवर बोट ठेवू नका.

लाईट कशी लागली ते आधी बघा

पिवळी लाईट स्थिर लागली आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर घाबरायचं कारण नाही. चार-दोन दिवसांत तपासून घ्या. लाईट लुकलुकत असेल आणि इंजिन मिसिंग मारत असेल, तर ते गंभीर आहे. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो प्रचंड तापतो आणि महागडा कन्व्हर्टर जळू शकतो. अशा वेळी रेस कमी करा, जमेल तितक्या लवकर थांबा आणि वाळलेल्या गवतावर किंवा पाचटावर गाडी उभी करू नका.

ऑईलची लाल लाईट किंवा टेंपरेचरची लाल लाईट लागली तर ही गोष्टच वेगळी. तिथे लगेच इंजिन बंद करायचं. सेन्सरचा तपास नंतर.

कोड मोबाईलवर कसा वाचायचा?

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ १६ पिनांचं एक सॉकेट असतं. त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. त्यात बसणारा छोटा ब्लूटूथ स्कॅनर काही शे रुपयांपासून दीड-दोन हजारांपर्यंत मिळतो. तो लावायचा, चावी ऑन करायची, मोबाईलला जोडायचा आणि ॲपमध्ये कोड वाचायचे. आयफोन असेल तर त्याला चालणारा वाय-फाय किंवा नव्या ब्लूटूथचा स्कॅनर आहे ना, ते विचारून घ्या. गल्लीत तीन-चार गाड्या असतील तर मिळून एक घेतला तरी पुरतो.

दोन गोष्टी पाळा. पहिली, कोड दिसला की लगेच पुसू नका. आधी स्क्रीनशॉट काढा. कोडबरोबर "फ्रीझ फ्रेम" नावाची नोंद असते. बिघाड झाला तेव्हा गाडीचा वेग, रेस, तापमान किती होतं ते त्यात राहतं. कोड पुसला की ही नोंदही जाते आणि मिस्त्रीचा मोठा पुरावा हरवतो. दुसरी, काम झालं की स्कॅनर काढून ठेवा. तसाच राहिला तर उभ्या गाडीची बॅटरी उतरू शकते.

नेहमी दिसणारे कोड आणि त्यांचा खरा अर्थ

इंजिनाचा कोड इंग्रजी "पी" अक्षराने सुरू होतो आणि पुढे चार आकडी-अक्षरी खुणा असतात. पहिली खूण शून्य असेल तर त्या कोडचा अर्थ सगळ्या कंपन्यांत सारखाच असतो.

• पी-०१२२: थ्रॉटल सेन्सरच्या वायरवर व्होल्टेज फार कमी. वायर तुटली, कपलर निघाला किंवा वायर अर्थला लागली का ते आधी बघा.
• पी-०१२३: त्याच वायरवर व्होल्टेज फार जास्त. सेन्सरची अर्थ वायर तुटली तरी असं होतं.
• पी-०१२१: व्होल्टेज मिळतंय, पण इतर सेन्सरशी मेळ बसत नाही. झडपेवर काजळी साचली आहे का ते बघा.
• पी-२१३५: थ्रॉटलच्या दोन सेन्सरांची साक्ष जुळत नाही.
• पी-२१३८: पेडलच्या दोन सेन्सरांची साक्ष जुळत नाही.
• पी-०३३५: क्रँक सेन्सरचा सिग्नल नाही.
• पी-०११८: कूलंट सेन्सरच्या वायरवर व्होल्टेज फार जास्त, म्हणजे बहुतेक वेळा वायर तुटलेली किंवा कपलर निघालेला.
• पी-०१७१: इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी. इथे लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात, पण चिरलेला हवेचा पाइप किंवा कमजोर पेट्रोल पंप हीच कारणं जास्त असतात.
• पी-०३०१, ०३०२, ०३०३, ०३०४: त्या-त्या नंबरच्या सिलिंडरचं मिसिंग. आधी स्पार्क प्लग आणि कॉइल.

या यादीत एक गोष्ट लक्षात येईल. "सेन्सर बदला" असं एकही कोड सांगत नाही.

तपासाचा योग्य क्रम

१) बॅटरी आणि अर्थिंग
सगळ्यात स्वस्त तपास हाच आणि सगळ्यात जास्त विसरला जाणाराही हाच. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.५ ते १४.७ दिसायला हवं. स्टार्टर मारताना व्होल्टेज फार खाली गेलं तर ईसीएम गोंधळतो आणि एकदम चार-पाच कोड टाकतो. एकाच वेळी एकमेकांशी संबंध नसलेले बरेच कोड आले, तर सेन्सर सोडा, आधी बॅटरीचे टर्मिनल घासून घट्ट करा आणि इंजिनाची व बॉडीची अर्थिंगची वायर बघा.

२) डोळ्यांनी तपास
बोनेट उघडा आणि मोबाईलच्या टॉर्चने बघा. ऊस पट्ट्यात तोडणी झाली की उंदरांचा मोर्चा घराकडे आणि गोठ्याकडे वळतो. शेडमध्ये आठ दिवस उभी राहिलेली गाडी त्यांना आयती ऊब देते. एअर फिल्टरच्या डब्यात चिंध्या, लेंड्या, कुरतडलेला स्पंज दिसला की समजा, वायरही कुरतडलेली असणार. माण-खटावसारख्या कोरड्या भागात धुळीचा त्रास जास्त. फिल्टर भरलेला किंवा नीट न बसलेला असेल, तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर धूळ जाऊन बसते. फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाइप वाकवून बघा. चीर बहुतेक घडीच्या आत असते.

३) कपलर
चावी बंद करा, लॉक दाबून कपलर काढा. आत हिरवट-पांढरी बुरशी, पाणी, वाकलेली पिन दिसते का? वॉशिंग सेंटरवर इंजिनावर प्रेशरने पाणी मारल्यावर दुसऱ्या दिवशी लाईट लागली, तर संशय इथेच. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारा, सुकू द्या आणि "टक" असा आवाज येईपर्यंत परत बसवा. पेडल सेन्सरचा कपलर बघायला विसरू नका. पावसाळ्यात चिखलाचे बूट आणि ओली मॅट यांमुळे तिथे ओल जाते.

एक सावधानता. पिवळ्या वेष्टणाच्या वायर आणि पिवळे कपलर साधारणपणे एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नका.

४) मोबाईलवर लाईव्ह डेटा
स्कॅनरचा खरा उपयोग इथे आहे. कोड वाचणं एक मिनिटाचं काम, पण चालू आकडे बघितले की खोटं बोलणारा सेन्सर सापडतो.

सकाळी गार इंजिनावर चावी ऑन करा, स्टार्ट करू नका. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बाहेरच्या हवेएवढंच, साधारण सारखं दिसायला हवं. एकात उणे ४० अंश दिसत असेल, तर साताऱ्यात तेवढी थंडी पडत नाही. ती तुटलेली वायर किंवा निघालेला कपलर आहे. गार इंजिनावर १३० च्या पुढचा आकडा दिसला तर वायर कुठेतरी चिकटली आहे.

मॅप सेन्सर असेल तर तोही याच वेळी तपासता येतो. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. समुद्राजवळ तो साधारण १०० किलोपास्कल असतो आणि उंचीबरोबर कमी होतो. चिपळूणला खाली १०० च्या आसपास, पाटणला वर आलात की ९४-९५ आणि महाबळेश्वरला ८६ च्या जवळपास. म्हणून महाबळेश्वरला ८६ दिसलं तर सेन्सर बरोबर आहे. तिथे १०० दाखवत असेल तर तो चुकतोय. इंजिन चालू करून रेस न देता हा आकडा पेट्रोल गाडीत बराच खाली, साधारण ३० ते ४० पर्यंत येतो.

आता पेडल. चावी ऑन, इंजिन बंद. ॲपमध्ये पेडलचे दोन आकडे निवडा. पेडल अगदी सावकाश दाबा आणि सावकाश सोडा. दोन्ही आकडे न अडखळता वर जायला हवेत आणि तसेच खाली यायला हवेत. अनेक गाड्यांत एक आकडा दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट असतो. पाय नसताना एक १५ टक्के आणि दुसरा ७-८ टक्के दिसला तर ते बहुतेक बरोबर आहे. मध्येच आकडा उडी मारतो, शून्यावर येतो किंवा एकच वाढतो आणि दुसरा जागचा हलत नाही, तर बिघाड पेडल सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये आहे.

थ्रॉटलबाबत एक गैरसमज दूर करा. पेडलवर पाय नसतानाही थ्रॉटलचा आकडा शून्य दिसत नाही. बऱ्याच गाड्यांत तो १० ते १८ टक्के असतो. इंजिनाला श्वास घ्यायला तेवढी फट लागतेच. "शून्य येत नाही म्हणून सेन्सर खराब" असं कुणी म्हणालं तर पटवून घेऊ नका.

५) हलवून बघा
इंजिन चालू ठेवा, लाईव्ह डेटा एकाला बघायला सांगा आणि दुसऱ्याने वायरिंगचा जुडगा जागोजागी हलक्या हाताने हलवावा. पंख्याच्या आणि पट्ट्याच्या जवळ हात नेऊ नका, सैल बाही किंवा गमछा लांब ठेवा. एखाद्या जागी हलवल्यावर आकडा उडाला किंवा इंजिन झटका खाऊ लागलं, तर बिघाड तिथेच. खडबडीत रस्त्यावरच लाईट लागते आणि डांबरीवर लागत नाही, अशा गाडीत हा तपास हमखास उपयोगी पडतो.

६) मल्टीमीटर
हे काम वायरिंग जाणणाऱ्या मिस्त्रीकडूनच करून घ्या, पण तो काय करतो ते तुम्हाला माहीत असू द्या. जुन्या पद्धतीच्या थ्रॉटल सेन्सरला तीन वायर असतात. एकीवर ईसीएमकडून ५ व्होल्ट येतात, दुसरी अर्थ, तिसरी सिग्नल. कपलर जोडलेलाच ठेवून मागच्या बाजूने बारीक पिन घालायची. वायरला भोक पाडायचं नाही, कारण त्याच भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं. चावी ऑन करून झडप सावकाश उघडली की सिग्नल अर्ध्या-एक व्होल्टपासून चार-साडेचार व्होल्टपर्यंत न तुटता वाढायला हवा.

५ व्होल्ट येत आहेत, अर्थ पक्की आहे आणि तरी सिग्नल मध्येच तुटतो, तेव्हाच सेन्सर दोषी. ५ व्होल्टच येत नसतील तर नवा सेन्सर बसवून काहीही होणार नाही. इथे आणखी एक खोच आहे. दोन-तीन सेन्सरांना हे ५ व्होल्ट एकाच ठिकाणाहून मिळतात. त्यातला एक शॉर्ट झाला तर बाकीचेही बंद पडतात आणि कोड भलत्याच सेन्सरचा येतो. म्हणून मिस्त्री एकेक सेन्सरचा कपलर काढून बघतो. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो चोर.

ताकद गेली, पण थ्रॉटल निर्दोष

ब्रेक पेडलवरचा स्विच बिघडला तरी काही गाड्या ॲक्सिलरेटर ऐकत नाहीत. ब्रेक दाबलेला आहे असं ईसीएमला वाटतं आणि तो रेस तोडतो. ब्रेक न दाबता मागचे लाल दिवे पेटलेले राहतात का, किंवा दाबल्यावर पेटतच नाहीत का, एवढं मागे उभं राहून कुणालाही बघता येतं. हा स्विच थ्रॉटल बॉडीच्या मानाने अगदी स्वस्त असतो.

गाडी गरम झाल्यावर अचानक बंद पडते आणि अर्धा तास गार झाल्यावर पुन्हा चालू होते, तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या. स्टार्टर मारताना स्कॅनरवर इंजिनाची रेस शून्यच दिसत असेल तर संशय पक्का होतो. तरी कपलर आणि वायर आधी.

बाहेरून सीएनजी किट बसवलेली गाडी असेल तर किटवाल्याने कुठे-कुठे जोड मारले ते बघा. काही किटमध्ये थ्रॉटल सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर किंवा इंजेक्टरच्या वायरला जोड दिलेला असतो. नुसती पिळलेली वायर आणि वर टेप, असा जोड वर्ष-दोन वर्षांत कच्चा होतो. पेट्रोलवर लाईट लागत नाही आणि गॅसवर लागते, तर किटचं ट्यूनिंग आणि जोड तपासा.

सफाई करताना हे टाळा

थ्रॉटलच्या झडपेवर काजळी साचली की गाडी उभी असताना रेस खालीवर होते, एसी लावल्यावर बंद पडते. सेन्सर चांगला असतो, फक्त सफाई लागते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप चावी ऑन असताना बोटाने ढकलू नका. आतल्या प्लास्टिकच्या गिअरला इजा होते, आणि मोटर अचानक फिरली तर बोट अडकतं. थ्रॉटल क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा, आत धार मारू नका. सफाईनंतर बऱ्याच गाड्यांत ईसीएमला झडपेची जागा स्कॅनरने पुन्हा शिकवावी लागते. ते न केल्यास रेस चढलेली राहते आणि "सफाईनंतर गाडी बिघडली" अशी तक्रार होते.

मास एअर फ्लो सेन्सरची तार केसासारखी नाजूक असते. त्याला पेट्रोल, कार्ब्युरेटर क्लीनर, ब्रश, बोट काहीही लावू नका. त्याचा वेगळा स्प्रे मिळतो, तोच वापरा.

रस्त्यात ताकद गेली तर

पार्किंग लाईट लावा आणि डावीकडे सुरक्षित जागी घ्या. घाटात वळणावर थांबू नका, रांगत का होईना सरळ जागेपर्यंत न्या. इंजिन बंद करून थोडा वेळ थांबा आणि परत चालू करा. बऱ्याचदा ताकद तात्पुरती परत येते. आली म्हणून निर्धास्त होऊ नका, ओव्हरटेक टाळून जवळच्या गॅरेजला जा. त्याच गाडीने रात्री पेशंट घेऊन निघायची वेळ आली तर काय, हा विचार करून काम पुढे ढकलू नका.

उलट प्रकार, म्हणजे पाय काढला तरी रेस चढतच राहिली, तर दोन्ही पायांनी का होईना ब्रेक ठाम दाबा, गाडी न्यूट्रल करा, कडेला घ्या आणि थांबल्यावरच चावी बंद करा. चालत्या गाडीची चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. मग पहिल्यांदा पायाखालची मॅट बघा. एकावर एक दोन मॅट टाकल्या की पेडल त्यात अडकतं.

गॅरेजमध्ये हे पाच प्रश्न विचारा

१. कोड कोणता आला? नंबर लिहून द्या.
२. कपलर आणि वायर बघितली का? ५ व्होल्ट आणि अर्थ मोजली का?
३. लाईव्ह डेटामध्ये आकडा कुठे चुकतो ते दाखवता का?
४. फक्त सेन्सर मिळतो की अख्खी थ्रॉटल बॉडी किंवा अख्खं पेडल घ्यावं लागेल?
५. जुना पार्ट परत देणार का, आणि तोच कोड परत आला तर काय?

चौथा प्रश्न खिशासाठी महत्त्वाचा आहे. बहुतेक इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये सेन्सर सुटा मिळत नाही, पूर्ण बॉडीच घ्यावी लागते. तिथे चुकीचा निदान म्हणजे मोठा फटका. भंगारातून जुना पार्ट घेणार असाल तर त्यावरचा पार्ट नंबर तुमच्या पार्टशी जुळवून बघा. दिसायला सारखा असून आतून वेगळा असतो. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र वायर कापू-जोडू देऊ नका, आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा.

चांगला मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही. उलट तपासायचे पैसे वेगळे मागतो, आणि ते द्यायला हवेत. अर्ध्या तासाच्या तपासाची मजुरी ही नको असलेल्या पार्टच्या किमतीपुढे काहीच नसते. काम झाल्यावर कोड पुसून घ्या, ज्या रस्त्यावर त्रास व्हायचा त्याच रस्त्यावर गाडी चालवा आणि घरी येऊन पुन्हा स्कॅन करा. कोड परत आला नाही, तर बिघाड सापडला. फक्त लाईट विझली म्हणून समाधान मानू नका, कारण कोड पुसून लाईट कुणालाही विझवता येते.